चौथं कडवं

"मुलीला गाणं येतं का?" भोपळ्यांच्या काकांनी विचारलं, आणि माझ्या हातातल्या ताटलीतले पोहे थोडे सांडले.

गाणं मला येत नव्हतं. लहानपणी एकदा शाळेत मी प्रार्थना सांगायला उभी राहिले, तेव्हा हेडमास्तरांनी दुसऱ्या ओळीलाच 'बसा' म्हटलं होतं. पण आबा, म्हणजे माझे वडील, पाहुण्यांपुढे कशालाही नाही म्हणत नसत.

"गाणं नाही," ते म्हणाले, "कविता येते. सुले, म्हण बघू, 'नाव उभी काठापाशी'."

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली. हिरण्यकेशीच्या काठचं आमचं गाव, गावात एकच हायस्कूल, आणि त्या हायस्कुलात एकतीस वर्षं मराठी शिकवणारे आबा, नारायण चौगुले मास्तर. मी त्यांची एकुलती एक मुलगी. बी.एड. होऊन घरी बसले होते आणि कोल्हापूरला जाऊन एम.ए. करायचं डोक्यात घेतलं होतं. आत्याच्या डोक्यात माझं लग्न होतं. दोन स्थळं येऊन गेली होती, हे तिसरं. "ह्या खेपेला मोडलंत तर मी परत ह्या घरात स्थळ आणायची न्हाई," असं आत्यानं बजावलं होतं. आबांनी मात्र मला शब्द दिला होता की हो किंवा नाही तूच म्हणायचं, आणि ते संध्याकाळच्या आत म्हणायचं. पाहुण्यांना ताटकळत ठेवायचं नाही.

माझं 'नाही' तयारच होतं. एक तर एम.ए., आणि दुसरं म्हणजे ते आडनाव. मी शिक्षिका होणार होते. भोपळे बाई वर्गात उत्तरपत्रिका वाटायला उभ्या राहिल्या, तर पोरांनी काय करावं?

आधीची दोन स्थळं मोडायला मला तोंड उघडावंच लागलं नव्हतं. पहिला वीज मंडळातला इंजिनिअर होता, दुसरा कॉलेजात प्राध्यापक. दोघेही दिसायला बरे, बोलायला फर्डे. दोन्ही वेळा आबांनीच रात्री जेवताना सांगून टाकलं, "पत्रिका जुळत नाही." आता आबांचा पत्रिकेवर काडीइतका विश्वास नव्हता. पंचांग उघडायचे ते फक्त शाळेला सुट्टी कधी, ते बघायला. पण मला हवं तेच घडत होतं, तेव्हा मी कशाला खोलात शिरू?

आणि ती कविता. जुन्या वाचनमालेतली, माझ्या वेळेपर्यंत पुस्तकातून गेलेली, तरी अख्ख्या तालुक्याच्या तोंडी असलेली. कुणाचाही सत्कार असो, निवडणूक असो, नाहीतर दूध डेअरीचं उद्‌घाटन, भाषणाचा शेवट ठरलेला: 'तूच तुझा भाग्यदाता.' ती ओळ मी ट्रकच्या मागेही वाचलेली आहे. आबांनी तर ती अख्खी कविता शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर स्वतः रंगवून काढली होती. दहावीच्या निरोप समारंभाला प्रत्येक मुलाच्या हातात तिचा सायक्लोस्टाइल केलेला कागद पडायचा. गावातली किती पोरं तो कागद खिशात घालून पुण्या-मुंबईला गेली असतील, त्याला गणती नाही. स्थळ घेऊन आलेल्या मुलालाही आबा पोहे झाल्यावर एकट्याला शाळेकडे न्यायचे, भिंत दाखवायला. मला वाटायचं, म्हाताऱ्याची हौस आहे, दुसरं काय.

ह्या खेपेला मात्र मुलाबरोबर त्याचे काका होते, रिटायर्ड सर्कल ऑफिसर, आणि त्यांचा गुडघा धरला होता. शाळेपर्यंत चालणं त्यांना शक्य नव्हतं आणि त्यांना एकटं सोडून मुलाला नेणं बरं दिसलं नसतं, तेव्हा भिंतीबद्दल आबांनी बसल्याजागीच सांगून टाकलं होतं. म्हणून भिंतीवरची कविता घराच्या सोप्यात आली, आणि ती म्हणायची पाळी माझ्यावर आली.

मी पाढे म्हणावेत तशी म्हटली:

*नाव उभी काठापाशी,*
*पाणी म्हणे, चल चल;*
*काठ म्हणे, थांब थोडा,*
*कशापायी तळमळ?*

*काठ तुझा, घर तुझे,*
*ओळखीची पायवाट;*
*पलीकडे कोण आहे?*
*कोण पाही तुझी वाट?*

*तरी बैस नावेमध्ये,*
*मागे नको वळू आता;*
*तुझी नाव, तुझे पाणी,*
*तूच तुझा भाग्यदाता.*

आणि थांबले. काकांनी मान डोलवली, मिशीवरचं खोबरं पुसलं आणि माझ्याकडे बघतच राहिले.

"म्हण की," ते म्हणाले.

"झाली," मी म्हणाले.

"झाली कशी? मास्तर, फुडचं ऱ्हायलं की वो!"

आबांनी चष्मा वर सरकवला. "पुढचं? पुढचं काय? इथंच संपते कविता."

"असं कसं? अजून एक कडवं हाय. थांबा, मला आठवंल. नाव… नाव दूर…"

आबांनी ही कविता लहानपणी दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरवून घेतली होती, हे मला ठाऊक होतं. घरात स्वतःचं पुस्तक घ्यायची ऐपत नव्हती. मधल्या सुट्टीत घाईघाईनं उतरवलेली कविता, आणि पान उलटायचं राहून गेलं असेल तर? एकतीस वर्षं निरोप समारंभात वाटलेले ते कागद, ती भिंत, तिच्याखाली सुबक अक्षरात घातलेलं 'ना. चौगुले'. हे आता पाहुण्यांच्या तोंडून बाहेर पडलं, तर दिवेलागणीपर्यंत तिठ्यावरच्या हॉटेलात मास्तरांची टिंगल सुरू होणार होती. मी आबांकडे बघितलं. ते अगदी निरागस चेहऱ्यानं काकांना आठवायची वाट बघत होते. मला त्यांची फार दया आली.

दाखवायला बसलेल्या मुलीनं मान खाली घालायची असते. त्याचा फायदा एवढाच, की पाय दिसतात. मुलाचा उजवा पाय हळूच सरकला आणि काकांच्या पायावर जाऊन पडला.

"काका," तो म्हणाला, "ते दुसऱ्या कवितेतलं."

"कुठल्या दुसऱ्या? तुझी आईच तर म्हणायची, भाकरी थापताना…"

"आईची ती निराळी. ती पण नावेचीच आहे, म्हणून तुमचा घोटाळा होतो. मास्तरांनी भिंतीवर लिहिलीय म्हणजे मास्तरांना ठाऊक नसणार का?"

काका तोंड उघडणार, तोवर मुलानं स्वतःच्या ताटलीतले पोहे त्यांच्या ताटलीत लोटले. "आणि हे गार व्हायला लागलेत."

काका खाणारे होते. कविता मागे पडली.

मी तेव्हा पहिल्यांदा मान वर करून त्या मुलाला नीट बघितलं. अरविंद भोपळे, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. सावळा, कान थोडे मोठे, इस्त्री केलेल्या शर्टाची एक गुंडी चुकीच्या काजात गेलेली. बघत राहावं असं त्यात काही नव्हतं.

आबा मात्र सोडायला तयार नव्हते. खुर्ची पुढे ओढून त्यांनी वर्गातला आवाज काढला.

"बरं, तीन तर तीन. ह्या तीन कडव्यांतून तुम्हाला अर्थ काय लागतो, ते सांगा."

मला वाटलं, संपलं. ह्याचं उत्तर आबांच्या कागदावर खाली छापलेलंच असायचं: काठ म्हणजे भीती, नाव म्हणजे धाडस, कवी तरुणांना घराचा मोह सोडून पुढे जायला सांगतो. तालुक्यातलं शेंबडं पोरही ते घडाघडा म्हणून दाखवेल. त्यानं तेवढं म्हणावं, आबांनी 'शाब्बास' म्हणावं आणि विषय मिटावा, म्हणून मी देवाला हात जोडले.

त्यानं समोरचा पेला उचलला, पाणी प्याला, पेला खाली ठेवला.

"मला वाटतं," तो म्हणाला, "हे जो कोण सांगतोय, तो स्वतः काही नावेत बसलेला नाही. दुसऱ्याला बैस म्हणतोय आणि आपण काठावरच उभा आहे."

"मग?"

"मग काही नाही. मागं वळू नको, असं तो त्याला कशाला सांगेल? जाणाऱ्यानं वळून बघितलं तर ह्याचे डोळे दिसतील ना त्याला. म्हणून सांगत असेल. जायला सांगणं सोपं असतं, सर. ज्याला सांगून मागं राहायचं असतं, त्याचं अवघड."

काकासुद्धा चावायचे थांबले. आबांची सवय अशी, की कुणी कितीही चांगलं उत्तर दिलं तरी ते "हं, पण" म्हणून सुरुवात करायचे. त्या दिवशी 'हं, पण' नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला, आणि आत हाक मारली.

"अगं, पाव्हण्यांना अजून पोहे आण."

थोड्या वेळानं हात धुवायला म्हणून मुलगा मागच्या परड्यात आला. आईनं मला तांब्या घेऊन पिटाळलं. असं एकटं बोलायची संधी तेव्हा तांब्याएवढीच मिळायची.

"तुम्ही खोटं बोललात," मी पाणी ओतत म्हणाले.

"कधी?"

"काकांच्या पायावर पाय दिलात तेव्हा. गुडघा दुखतोय ना त्यांचा?"

"दुखरा गुडघा दुसऱ्या पायाचा आहे. बघूनच दिला."

मी हसू दाबलं. "म्हणजे चौथं कडवं आहे."

"आहे."

"मग आबांना का नाही सांगितलंत?"

त्यानं हात झटकले. "एवढी वर्षं भिंतीवर तीन आहेत म्हणता. ह्या वयात त्यांना चौथ्यासाठी कुठं जागा करायला लावायची? आणि तीन कडव्यांत कुणाचं अडलंय?"

"मला तरी सांगा."

"सांगतो की. पण तुम्ही नाही म्हणणार आहात ना? सोप्यात आलात तेव्हाच तुमच्या तोंडावर लिहिलेलं होतं. नाही म्हणणार असाल तर आत्ताच सांगून टाकतो, परत भेट व्हायची नाही. हो म्हणणार असाल तर काय घाई आहे? सवडीनं सांगेन."

बघा हा साळसूदपणा! आता विचारावं तर ते नाही म्हटल्यासारखं, आणि गप्प बसावं तर हो म्हटल्यासारखं. मी रिकामा तांब्या हातात धरून उभी राहिले. शेवटी म्हणाले, "मला एम.ए. करायचंय. कोल्हापूरला."

"करा. आमच्या कारखान्यावरून तासाला एस.टी. आहे. बसायला जागा मिळत नाही, एवढं आधी सांगून ठेवतो."

आणि तो आत गेला. कडवं मी काही विचारलं नाही.

संध्याकाळी आबांनी मला तुळशीपाशी गाठलं. "बोल."

"हो," मी म्हणाले.

"नीट विचार केलायस? आडनावाचा पण?"

"आबा, तूच तुझा भाग्यदाता, असं तुम्हीच शिकवलंत. मी माझं ठरवलंय. कुणाचं ऐकून नाही."

"हं," आबा म्हणाले आणि उगाच तुळशीची वाळलेली पानं खुडत बसले. मला वाटलं, मुलगी जाणार म्हणून त्यांना वाईट वाटतंय. मला मात्र माझा अभिमान वाटत होता. जो माणूस भर बैठकीत स्वतःची हुशारी गिळून दुसऱ्याची लाज राखतो, तो मी एकटीनं पारखून काढला होता.

लग्न मे महिन्यात गावीच झालं. निघायच्या दिवशी सकाळी आबांनी मला शिस्तीत सांगितलं, "गाडी सुटली की मागं वळून बघायचं नाही. रडारड नको. कविता आठवायची." मीही मास्तरांची मुलगी. वऱ्हाडाच्या एस.टी.त बसले ते मान ताठ करून. आई रडली, आत्या तिच्याहून मोठ्यानं रडली, आबा कुठं दिसले नाहीत. गाडी हलली. शाळेचं वळण जवळ आलं. मी समोर ड्रायव्हरच्या टोपीकडे बघत होते.

"सवड आहे का?" शेजारून भोपळे म्हणाले.

"कशाला?"

त्यांनी माझ्या कानाशी हळूच म्हटलं:

*नाव दूर गेल्यावर*
*एकदाच वळ मागे;*
*दोर ज्याने सोडला, तो*
*अजूनही उभा जागे.*

मी गर्रकन वळले. मागच्या काचेतून धूळ दिसली, आणि धुळीत शाळेच्या फाटकाशी एकटे उभे असलेले आबा. त्यांच्या हातात टोपी होती. आबांना उघड्या डोक्यानं रस्त्यावर उभं राहिलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग मी इतकी रडले, की काकांनी पुढच्या बाकावरून विचारलं, "काय रं, काय बोललास तिला?"

पुढं आम्ही दोघांनी ते कडवं जपलं. आबांसमोर चुकूनही म्हणायचं नाही, असं ठरलं होतं. आबांच्या निवृत्तीच्या समारंभात तर कमालच झाली. प्रमुख पाहुणे सवयीप्रमाणे 'भाग्यदाता'वर आले, आणि कुठून बुद्धी झाली कोण जाणे, पुढं "नाव दूर" म्हणाले. त्याबरोबर भोपळ्यांनी पहिल्या रांगेतून जोरात टाळ्या सुरू केल्या. मंडपाला वाटलं भाषण संपलं, मंडपानंही वाजवल्या. पाहुणे गोंधळून खाली बसले. आबा व्यासपीठावर रुमालानं तोंड पुसत होते. मला आपली काळजी, त्यांच्या लक्षात तर आलं नाही ना?

मी एम.ए. केलं, एस.टी.त उभ्यानं. शाळेत लागले. पोरांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर भोपळा काढला आणि पंचवीस वर्षं काढत राहिली. आबा जाऊनही आता सहा वर्षं झाली.

आणि परवा आमच्या लेकीनं, मृण्मयीनं, सांगितलं की तिनं तिचं लग्न ठरवलंय, आणि रविवारी मुलगा घरी येतोय. आई हल्ली आमच्याकडेच असते, ब्याऐंशी वर्षांची. लसूण सोलत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "त्येला कविता ऐकवणार न्हवं?"

"कुठली?"

"नावंची. तीनच म्हणायची बरं का. चौथं म्हणशील येड्यागत."

"आई, तुला चौथं माहितंय?"

"न्हाई व्हय? लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुझ्या आबांनीच शिकवलं की मला."

"आबांना येत होतं?"

"म्हंजे? मराठीचा मास्तर त्यो. येणार न्हाई तर काय?"

"मग पोरांना तीनच का वाटायचे?"

"मी बी इचारलं हुतं. म्हणाले, पंधरा वर्साची पोरं. त्यास्नी आत्ताच मागं बघायला कशाला शिकवू? एकदा जाऊ देत. मग ज्येचं त्यो वळंल."

लसणीची पाकळी वाटीत टाकून आई पुढं म्हणाली, "पर तुझ्या टायमाला त्या शाळंतल्या भितीचा लई उपेग झाला बघ. त्या इंजिनेराला नेलं, तर त्यो भितीसमोर उभा ऱ्हाऊन म्हणतोय, मास्तर, चुकलंय, एक कडवं गाळलंय तुम्ही. आन्‌ हसला वर. त्या दुसऱ्या प्रोफेसरानं तर खिशातनं पेन काढलं, भितीवर लिव्हायला."

"आणि पत्रिका?"

"कसली पत्रिका! बघितल्याबी न्हाईत."

भोपळे पलीकडे पेपर वाचत होते. पेपर हळूहळू खाली आला. "म्हणजे आई, ती माझी परीक्षा होती?"

"व्हय तर काय, जावई."

"आणि मी त्या माणसाची लाज राखली म्हणून तीस वर्षं स्वतःची पाठ थोपटून घेतोय. निवृत्तीला टाळ्या वाजवून हात सुजवून घेतले!"

"त्ये बघूनच हसू आवरंना त्यास्नी. रुमाल लावून बसले हुते तोंडाला."

भोपळे माझ्याकडे बघून हसायला लागले. मला हसू येईना. तीस वर्षं मी वर्गावर वर्ग सांगत आले होते, की माझं मी ठरवलं, कुणाचं ऐकलं नाही. तुळशीची पानं खुडणारे आबा मला आठवले, आणि त्यांचं ते "हं". मला वाटत होतं, नाव मी सोडली. दोर सोडणारा हात मला दिसलाच नव्हता.

"एवढं होतं तर मला कधी सांगितलं का नाही त्यांनी?" मी म्हणाले. माझा आवाज जरा चढलाच.

"सांगायचं काय त्यात? तू वळलीस की."

"म्हणजे?"

आईनं सुरी खाली ठेवली. "तुमची गाडी गेली, सगळी जेवाय बसली, ह्येंचा पत्त्या न्हाई. पोरीचं लगीन म्हणून सकाळपास्नं पोटात काय नव्हतं. मी हुडकत गेले, तर शाळेच्या कट्ट्यावर बसलेले. टोपी मांडीवर, डोळे लाल. म्हटलं, रडताय व्हय? तर माझ्याकडं बघून हसले. म्हणाले, 'सुली वळली गं. वळू नको म्हणून मीच सांगितलं हुतं, तरी वळली. पोरानं चौथं सांगितलं तिला.'"

"मग?"

"मग काय? टोपी झटकून डोक्यावर घातली नि म्हणाले, 'चल, वाढ आता. भूक लागलीय.'"